तांबड्यांकडे पाठ

ज्याचं वाटोळं व्हावं म्हणून माणूस जन्मभर घसा फोडतो, त्याचं वाटोळं खरोखरच झालं तर पुढं काय करायचं, हे कोणी शिकवून ठेवलेलं नसतं. चष्मेवाल्यांच्या दुकानात त्या सकाळी नेमकी हीच अडचण झाली.

शहरात फुटबॉलचे क्लब दोन. एक निळ्यांचा, एक तांबड्यांचा. तांबड्यांचा क्लब बुडाला, ही ती बातमी. कर्ज गळ्याशी आलं, कोर्टानं प्रशासक नेमला, मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं आणि खेळाडू वाट फुटेल तिकडं गेले. आता कोणी खरेदीदार उभा राहिला तर क्लब तरेल, नाहीतर कायमचा पुसला जाईल. बातमी कळताच आसपासचे झाडून सगळे निळे चष्मेवाल्यांच्या दुकानात गोळा झाले. दरवर्षी जिंकलं की ते तिथंच जमत, हरलं की आपापल्या घरी बसत.

चष्मेवाले स्वतः हाडाचे निळे. दुकानात सगळ्या रंगांच्या फ्रेमा होत्या, पण तांबडी फ्रेम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते "तुमच्या चेहऱ्याला शोभणार नाही" असं सांगून दुसरी घ्यायला लावत. चेहरा मग कसाही असो.

"मेले एकदाचे! सुटलो!" बंब गरजले. हे गृहस्थ आगीच्या बंबावर नोकरी करून निवृत्त झाले होते. बंब गेला होता, घंटा मात्र गळ्यात राहिली होती. भिंतीवरच्या फ्रेमा थरथरल्या. सगळे पोट धरून हसले. चहा आला, तो पिऊन झाला, आणि मग कोणालाच काही सुचेना.

डोळे तपासायच्या खुर्चीत हिशेबनीस बसले होते. ते म्हणाले, "बरं, आता आपण हरवायचं कुणाला?"

हा प्रश्न कोणालाच नको होता, म्हणून सगळे खरेदीदाराच्या विषयावर तुटून पडले. बंब म्हणाले, कोण असा शहाणा खरेदीदार लागून गेलाय? फुटकं मडकं कोण विकत घेतो? शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणाले, मैदानाची जागा मोक्याची आहे, तेवढ्यासाठी कोणीतरी घेईल. हिशेबनिसांनी शांतपणे चष्मा पुसला.

"तुम्हा लोकांना क्लब मरतो कसा हेच माहीत नाही. तो असा पटकन मरत नाही. सध्या तो अवसायनात आहे. म्हणजे कायद्यानं त्याचं आवरतं घेतलंय. या अवस्थेत तो कितीही वर्षं राहू शकतो. खेळत नाही, पण आहे. जिवंत आहे असं म्हणवत नाही आणि मेला म्हणायला कायद्याची मनाई."

"म्हणजे भूतच म्हणा की," बंब म्हणाले, आणि मोठ्यानं हसायला लागले. ते हसू अर्ध्या वाटेतच संपलं.

चष्मेवाले मात्र या गप्पांत नव्हते. त्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांची मुलगी तांबड्यांच्या घरात दिलेली होती. मुलगी देताना माणूस घर बघतो, मुलगा बघतो, माणसांचा स्वभाव बघतो. चष्मेवाल्यांनी हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं आणि नेमका रंग बघायचा राहिला. व्याही निघाले तांबड्यांतले तांबडे. कुलपं, कड्या, बिजागऱ्या असल्या लोखंडी मालाचं त्यांचं दुकान होतं आणि बोलणंही त्याच मालाचं.

आता इथं निळ्यांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तांबड्यांचा संघ मैदानात यायला लागला की प्रत्येक निळा माणूस त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. पंचाची शिट्टी होऊन खेळ सुरू होईपर्यंत वळायचं नाही, मानही नाही. ही रीत वडिलांच्या आधीपासूनची. त्यामुळं चष्मेवाल्यांनी सबंध आयुष्यात तांबड्यांना मैदानात येताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं. खेळाडू ज्यातून मैदानात येतात त्या बोगद्याच्या सिमेंटवर बुटांच्या खिळ्यांचा आवाज आला की पुढं गोलकीपर आहे की कप्तान, हे ते पाठीनं ओळखत. आणि समोरच्या स्टँडमधून व्याह्यांचा खणखणीत आवाज यायचा, "पाठच दाखवा! तोंड दाखवायला जागा आहे कुठं?"

एरवी एकमेकांना 'आपण' म्हणणारे हे दोन व्याही सामन्याच्या संध्याकाळी फोनवर एकमेकांचा उद्धार करत, तोही 'आपण' म्हणूनच. "आपल्या संघाला लाज असेल तर सांगा, नसेल तर थोडी पाठवून देतो." या एका फोनावर त्यांचं नातं वर्षभर टवटवीत राहायचं. बाकी दोघांत बोलण्यासारखं काहीच नव्हतं. चष्मेवाल्यांना बिजागऱ्यांत गम्य नव्हतं आणि व्याह्यांची नजर दुर्दैवानं अजून चांगली होती.

बातमीनंतर थोड्याच दिवसांत मुलीचा फोन आला.

"बाबा, नानांचं काहीतरी बिनसलंय." नाना म्हणजे तिचे सासरे. "घरात अक्षर बोलत नाहीत. दुपारचं जेवण झालं की धुतलेला शर्ट घालून मैदानावर जातात. संध्याकाळी येतात ते आवाज बसलेला. कुठं होता विचारलं, तर म्हणाले, मॅच होती."

"मैदानाला तर कुलूप आहे."

"कुलूप आपल्याच दुकानातलं, बाबा. दुसरी किल्ली नानांकडे राहिलीय. पण आत आहे काय? मॅच कसली?"

चष्मेवाल्यांनी विचारलं, "कोण जिंकलं म्हणाले?"

"बाबा!"

"नाही, सहज विचारलं."

"हरलो म्हणाले."

चष्मेवाल्यांना बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. ती झाकायला त्यांनी लगेच व्याह्यांना फोन लावला. ठेवणीतला टोमणा जिभेवर तयारच होता.

"काय व्याहीबुवा, आपल्या क्लबला टाळं लागलं म्हणे! कुलूप तरी चांगल्या बनावटीचं दिलंत ना?"

पलीकडून आला तो एक आवाज. भरलेल्या स्टँडमध्ये चेंडू गोलच्या तोंडाशी गेला की हजारो माणसं एकदम श्वास ओढून घेतात, तसा. मग व्याह्यांचा घोगरा स्वर, दुसरीकडेच लक्ष असलेला. "नंतर बोलू. आत्ता कॉर्नर आहे."

फोन बंद झाला. चष्मेवाल्यांनी तो बराच वेळ कानाशी तसाच धरला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी त्या दिवशी जवळच्याऐवजी लांबचा नंबर दिला.

"टीव्ही चालू असेल मागं," बायको म्हणाली.

"ते मैदानात होते."

"मग जाऊन बघून या. एवढं काय त्यात?"

पण निळ्यानं तांबड्यांच्या मैदानावर एकट्यानं, सामना नसताना जायचं म्हणजे काय! लोक काय म्हणतील? चष्मेवाल्यांनी रात्र कूस बदलत काढली आणि सकाळी त्यांना युक्ती सुचली. यंदाच्या निळे-तांबडे सामन्याची ठरलेली तारीख जवळच होती. त्या दिवशी सगळ्या निळ्यांनी जाऊन रिकाम्या मैदानाकडे पाठ फिरवायची. ते बघून व्याह्यांचा पारा चढेल, ते शिव्या घालतील आणि शुद्धीवर येतील. माणूस चिडला की माणसांत येतो, असं त्यांचं मत होतं.

"वेडावर चिडण्याचं औषध?" बायको म्हणाली. "तुम्ही आपले चष्मेच विका."

एका तांबड्याच्या काळजीनं आपण हे करतोय, असं दुकानात बोलायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी सांगितलं, "मेलेल्यालाही पाठ दाखवून यायची. शेवटचा अपमान." बंब आनंदानं इतके ओरडले की डॉक्टरांकडच्या पेशंटनं मुकाट्यानं तोंड उघडलं. बेत ठरला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका जिन्यातूनच म्हणाल्या, "आधी लेखी परवानगी घ्या. बंद जागेत परवानगीशिवाय शिरलात तर अपमान राहील बाजूला, तुम्हालाच आत बसवतील." चांगला सल्ला. सगळी गडबड त्यानंच झाली.

प्रशासकाच्या कचेरीत एक कारकून होता. त्याच्या भोवती तांबड्यांचे चषक, ढाली, गोलच्या जाळ्या, जुने चेंडू, सगळ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. एक चिठ्ठी त्याच्या खुर्चीलाही होती.

"मैदान कशासाठी हवंय?"

"पाठ फिरवायला."

कारकुनानं वर पाहिलं. "कुणाकडे?"

"तांबड्यांच्या संघाकडे."

"संघ नाही आता."

"म्हणूनच तर परवानगी मागतोय. असता तर तिकीट काढून आलो असतो."

कारकुनाला हे पटलं, हीच त्यातली भीतीदायक गोष्ट. त्यानं अर्ज पुढं ओढला. "कारण तीनच आहेत. सामना, सराव, सभा. पाठ फिरवणं यांत बसत नाही. सभेला अध्यक्ष लागतो, सरावाला गुरू. सामना लिहू?"

"लिहा बापडे."

"संघ पहिला, निळे. संघ दुसरा?"

"दुसरा नाही."

"सामना म्हटला की दुसरा लागतो. तांबडे लिहितो."

"अहो, ते नाहीत ना पण!"

"असं आम्हाला म्हणता येत नाही." कारकुनाचा आवाज खाली आला. "हुकूम आहे. खरेदीदार कधीही येईल, तोवर सगळं चालू असल्यासारखं ठेवायचं. गवत कापतो आम्ही. रेघा मारतो. दिलेल्या वेळी लाउडस्पीकर लागतो. तुम्ही फक्त या. पंचांना इकडून कळवलं जाईल."

"कोणत्या पंचांना?"

"ते इकडून कळवलं जाईल," कारकून म्हणाला आणि शिक्का मारला.

सामना म्हटल्यावर सामन्याचे नियम लागले. आगीसाठी माणूस हवा, तर बंबांनी सही केली आणि वाळूची बादली उचलायची तयारी दाखवली. वैद्यकीय मदत हवी, तर डॉक्टर म्हणाले, "कुणाचे दात पडले तर बघेन. त्याच्या खाली माझी जबाबदारी नाही." स्ट्रेचर हवं होतं. ते मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेतून मागवलं आणि "धुऊन परत द्या" असं बजावलं. एका माणसाला चिडवायचं एवढंसं काम, पण निघताना निळी मंडळी युद्धावर निघाल्यासारखी दिसत होती. पुढं बादली, मागं स्ट्रेचर, मध्ये मान खाली घालून चष्मेवाले. रस्त्यात दोघांनी टोपी काढून नमस्कार केला. त्यांना वाटलं, स्ट्रेचरवरचा गेला आणि हे रिकामं परत नेताहेत.

दुपार उतरत होती. फाटक उघडंच होतं. रखवालदारानं परवाना पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"उशीर केलात. ते कधीचे आलेत."

"कोण?"

"कोण म्हणजे? ज्यांची मॅच आहे ते."

हिशेबनीस हसले, पण रखवालदाराचा चेहरा थट्टा करणाऱ्याचा नव्हता. त्यानं परवाना फाडून अर्धा परत दिला, तिकीट देतात तसा.

आत सगळं जागच्या जागी होतं. गवत कापलेलं, चुन्याच्या रेघा ओल्या, कॉर्नरचे झेंडे उभे. वारा नव्हता, तरी एक झेंडा कोणी जवळून धावत गेल्यासारखा हलला आणि थांबला. बोगद्याच्या तोंडातून मलमाचा उग्र वास येत होता, स्नायूंना चोळतात त्याचा. पलीकडचा अख्खा स्टँड मोकळा. मधोमध एकच माणूस बसलेला, धुतलेला शर्ट घालून. व्याही.

पण ते सगळ्या स्टँडमध्ये एकटे असल्यासारखे बसले नव्हते. दाटीत बसतात तसे, खांदे आवळून, कोपर पोटाशी घेऊन बसले होते.

चष्मेवाल्यांनी हात हलवला. व्याह्यांची नजर त्यांच्यावरून सरळ पुढं गेली.

इतक्यात, संघ यायच्या वेळी खरखरतो तसा, लाउडस्पीकर खरखरला. घोषणा नाही, नुसती खरखर. पण अंगवळणी पडलेली गोष्ट ती. सगळे निळे आपोआप वळले आणि स्टँडच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीचे पोपडे निघालेले होते. चष्मेवाल्यांना ते पोपडे ओळखीचे वाटले. मैदानात येणाऱ्या माणसांपेक्षा हे पोपडेच त्यांनी जास्त वेळा पाहिले होते.

मग मागून आवाज आला. सिमेंटवर बुटांचे खिळे.

सुरुवातीला एक, जड, टाच घासत चालणारा. हा गोलकीपर. मग दोघे जोडीनं. मग सगळे. सिमेंट संपलं आणि आवाज गवतात बुडाला.

"टेप लावलीय," हिशेबनीस ओठ न हलवता म्हणाले. "चालू असल्यासारखं ठेवायचंय ना त्यांना."

"मग वळून बघा की," बंब म्हणाले. बंब कुजबुजू शकतात हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"तुम्ही बघा."

"शिट्टीआधी? माझा बाप वरून बघतोय!"

"डॉक्टर, तुम्ही?"

"मी इथं दातांपुरता आलोय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांचेच वाजायला लागले.

मागं कोणीतरी चेंडू आपटला. एकदा, दोनदा. निळे भिंतीकडे बघत राहिले. शिट्टी होईना. शिट्टी झाल्याशिवाय वळता येत नव्हतं, आणि वळल्याशिवाय पळताही येत नव्हतं, कारण बाहेरची वाट मैदानाच्या बाजूनं होती. निळ्यांच्या इतिहासात इतकी लांबलेली पाठ कोणी पाहिली नव्हती. बादलीतली वाळू बंबांच्या हातात आपोआप सळसळत होती.

चष्मेवाले एकाच गोष्टीची वाट बघत होते. आता ओरडतील. आता व्याही उठतील आणि तोंडाला येईल ते बोलतील. शिवी आली की आपण जिंकलो, माणूस परत आला. त्यांनी कान टवकारले. पलीकडून आवाज आला तो टाळ्यांचा. एकाच माणसाच्या टाळ्या, सावकाश, आनंदानं वाजवलेल्या. आपली माणसं बऱ्याच काळानं घरी आली की उंबऱ्यावरचा माणूस हसतो ना, तसलं काहीतरी त्या टाळ्यांत होतं.

चष्मेवाल्यांना कळून चुकलं. व्याही चिडणार नव्हते. त्यांना निळे दिसतच नव्हते. ते दिवसादिवसानं पलीकडे सरकत चालले होते, आणि एखाद्या दुपारी ते तिकडचेच होऊन जाणार होते. मग मुलगी फोन करील तो कशाचा असेल, हे चष्मेवाल्यांना त्या भिंतीवर लिहिल्यासारखं दिसलं. आणि आपल्या कुळाची रीत पाळून आपण त्या वेळीही पाठ करूनच उभे असू.

ते वळले.

"अहो!" बंब भिंतीकडे बघतच म्हणाले. "शिट्टी कुठं झालीय? अहो, काय करताय हे!"

मैदान रिकामं होतं. ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यापलीकडे काही दिसेना. चष्मेवाले पायऱ्या उतरले. सरळ मधून गेले असते तर वाट जवळची होती, पण मन धजेना. आपण कुणाच्या तरी मध्ये येऊ असं वाटलं. ते रेघेच्या बाहेरून, कडेकडेनं चालले. बोगद्यासमोर आल्यावर त्यांनी अंग चोरून वाट दिली. कुणाला दिली ते विचारू नका. मलमाचा वास त्यांच्या नाकाजवळून गेला आणि कोणीतरी ओझरतं "सॉरी हं" म्हटल्यासारखं वाटलं. चष्मेवाल्यांनी सवयीनं "असू दे" म्हटलं.

तांबड्यांच्या स्टँडच्या पायऱ्या त्यांनी जन्मात चढल्या नव्हत्या. प्रत्येक पायरीवर त्यांना आपले वाडवडील मान फिरवून घेताना दिसले. सगळ्या खुर्च्या मोकळ्या असूनही ते "जरा सरका, जरा जाऊ द्या" करत आत शिरले आणि व्याह्यांच्या शेजारी जाऊन टेकले.

व्याह्यांनी वळून पाहिलं नाही. "खाली वाका. मागच्यांना दिसत नाही."

चष्मेवाले खाली वाकले. इकडून ऊन पाठीशी होतं. काय बोलायचं याची जुळवाजुळव ते मनातल्या मनात करत होते. घरी चला, मुलगी काळजीत आहे, डॉक्टरला दाखवू, असली शहाणी वाक्यं त्यांना येत होती. एकही या माणसाशी बोलण्यासारखं नव्हतं.

"आयुष्यात पहिल्यांदा बघताय आमची पोरं येताना," व्याही घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सांगा. कशी दिसतात?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गवताकडे पाहिलं. माणूस आजारी असेल तर त्याच्या हो ला हो म्हणावं, हे त्यांना कळत होतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच निघून गेलं.

"ध्यान दिसतात. एकाचा शर्टसुद्धा धड खोचलेला नाही."

व्याह्यांची मान झटक्यात वळली. कित्येक दिवसांनी त्या डोळ्यांना समोरचा माणूस दिसला. कपाळावरची शीर ताडकन उभी राहिली. "आपण! आपण इथं बसून आमच्या शर्टावर बोलता? आपल्या माणसांना साधी पाठ तरी सरळ ठेवता येते का? तो बंब बघा कसा थरथरतोय! आणि शर्ट काय सगळ्यांचे बाहेर आहेत? एका नऊ नंबराचा आहे. तो पोरवयापासून तसाच घालतो!"

"मी नऊ नंबराचंच म्हणतोय," चष्मेवाले म्हणाले.

आपण हे का म्हणालो, ते त्यांना कळलं नाही. मग कळलं, तो शर्ट त्यांनी खरंच पाहिला होता. व्याह्यांनीही त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनी एकदमच मधल्या वर्तुळाकडे नजर वळवली.

"घरी चहाला येणार ना मॅच संपल्यावर?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"हरलात तर येईन," व्याही म्हणाले. "आपलं तोंड बघायला."

पलीकडच्या स्टँडमध्ये निळे अजून भिंतीकडे तोंड करून उभे होते. बंबांचा आवाज मैदानभर घुमत आला, रडवेला आणि कापरा. "चष्मेवाले! अहो चष्मेवाले! झाली का शिट्टी?"

चष्मेवाले उभे राहिले, हाताचा कर्णा केला आणि ओरडले, "हलू नका कोणी! आत्ताच तोंडाला लावलीय पंचानं!"